लेकीचे दोन दात आणि माझी अंबाडी

प्रार्थना संपली की मुलांना जीभ बाहेर काढायला लावणारी आमच्या तालुक्यात बहुधा मी एकटीच बाई असेन. पोंभुर्ण्याच्या पुढे जंगलाला लागून आमचं गाव आहे, तिथल्या शाळेत मी तिसरी-चौथीला शिकवते. रांगेतून फिरताना मी जिभा बघत जायची. निळी जीभ म्हणजे दुकानातली गोळी, हिरवी जीभ म्हणजे आंबट पावडरची पुडी, पिवळी जीभ म्हणजे ते नळीत भरलेलं बर्फाचं पाणी. ज्याची जीभ रंगलेली सापडली त्याला पुढे उभं करून मी पाकिटातल्या खाण्याबद्दल एक छोटं भाषण द्यायची. छोटं म्हणजे मला छोटं वाटायचं. मुलं एका पायावरून दुसऱ्या पायावर होईपर्यंत ते चालायचं.

लाल जीभ मात्र माफ होती. लाल जीभ म्हणजे अंबाडी, आणि अंबाडी म्हणजे माझी अंबाडी.

हे नीट सांगते, कारण पुढचा सगळा घोळ इथूनच आहे. आमच्या घरामागे लाल अंबाडीचा एक वाफा आहे. थंडीत तिला गर्द लाल बोंडं लागतात. ती सोलून, वाळवून मी डबे भरून ठेवते आणि वर्षभर शरबत करते. आमच्या चंद्रपूरचा उन्हाळा काय असतो ते बातम्यांत सगळा देश बघतो, आम्ही तो अंगावर काढतो. त्या उन्हात अंबाडीच्या शरबतानं जिवाला बरं वाटतं, यात खोटं काही नाही. पण मी एवढ्यावर थांबणारी बाई नाही. मला एखादी गोष्ट पटली की ती सगळ्या गावाला पटवल्याशिवाय मला जेवण जात नाही. पालकसभेत मी अंबाडीवर बोलले. हळदीकुंकवाला वाण म्हणून वाळलेली बोंडं वाटली. दोन उन्हाळ्यांत माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलांच्या दप्तराला लाल पाण्याच्या बाटल्या लटकायला लागल्या. वर्गात शिरताना ती लाल रांग दिसली की माझी छाती फुगायची.

सर्वांत पहिली बाटली अर्थातच माझ्या लेकीची होती.

ती दुसरीत असताना पावसाळ्यात तिचे वरचे पुढचे दोन दात आले. दुधाचे पडून बरेच महिने झाले होते आणि नवीन काही दिसेनात, त्यामुळे मी काळजीत होते. तिचे वडील काळजीत नव्हते. ते सरकारी लाकडाच्या डेपोत लाकडं मोजायचं काम करतात आणि जगातली प्रत्येक गोष्ट वाळायला वेळ घेते अशी त्यांची समजूत आहे. मग एक दिवस हिरडीतून पांढरी कड दिसली. दात खाली आले तेव्हा त्यांना करवतीसारखे बारीक दाते होते. बापानं तिला मांडीवर घेऊन तोंड उघडायला लावलं आणि म्हणाले, "हे तर सागवान कापाची करवत हाय व! डेपोत नेतो तुले." तिला ते इतकं आवडलं की घरी येणाऱ्या प्रत्येकाला ती ओठ वर करून करवत दाखवायची. गॅसवाल्यालासुद्धा दाखवली.

मलाही त्या दातांचा फार अभिमान होता. माझे स्वतःचे दात लहानपणापासून खराब आहेत. हसताना पदर तोंडाशी नेण्याची माझी सवय त्यातूनच लागली. लेकीनं असं हसू नये, तोंड उघडून हसावं, एवढीच माझी इच्छा होती. म्हणून तिच्या दातांसाठी मी जे जे केलं ते प्रेमानं केलं, हे आधीच सांगून ठेवते.

मी केलं काय, तर नियम केले. मला नियमांशिवाय सुचत नाही. पहिला नियम, गोळ्या आणि पाकिटं बंद, तहान लागली की अंबाडी. दुसरा नियम, शरबत घटाघटा प्यायचं नाही, दिवसभर घोट घोट प्यायचं आणि प्रत्येक घोट तोंडात घोळवून मग गिळायचा, म्हणजे गुण नीट येतो. हे मला कोणी सांगितलं होतं? कोणीच नाही. माझी आई औषध असं घ्यायला लावायची, तेवढ्यावरून मी ठरवलं. तिसरा नियम, शाळेतून घरी आल्याबरोबर दात घासायचे, म्हणजे अंबाडीचा लाल रंग दातांवर बसणार नाही. आणि घासायचे ते पेस्टनं नाही, कारण पेस्टही पाकिटातच येते. आमच्या घरी राखुंडी होती. चुलीतली राख चाळून त्यात कोळशाची पूड आणि मीठ घालून मी ती स्वतः करायची. बोटावर घेऊन मी स्वतःच लेकीचे दात घासून द्यायची, चांगले करकर आवाज येईपर्यंत.

आणि चौथा नियम, बाटली रिकामी घरी आली पाहिजे.

वर्षभर सगळं छान चाललं होतं, म्हणजे मला तसं वाटत होतं. ती तिसरीत गेली. आता ती माझ्याच वर्गात होती आणि रांगेत तिची जीभ सगळ्यांत लाल असायची. पोळ्याच्या सुमारास माझ्या लक्षात आलं की ती माठातलं पाणी पिताना डोळे मिटून घेते. मग एकदा तिनं पेरू खाल्ला तो सगळा बाजूच्या दातांनी, मान वाकडी करून. मी विचारलं, "काऊन व, अशी काऊन खातेस?"

"दात आंबले," ती म्हणाली.

दात आंबले म्हणजे काय हे सांगायची गरज नाही. कैरी, चिंच जास्त झाली की सगळ्यांचेच दात आंबतात आणि मग भाताचं शीतसुद्धा चावत नाही. पण ते एका दिवसात जातं. तिचे दुसऱ्या दिवशीही आंबलेलेच होते आणि आठवड्यानंही. मी लगेच निष्कर्ष काढला. ही चोरून काहीतरी आंबट खाते.

मग माझी चौकशी सुरू झाली. चिंच खाल्ली काय? नाही. कच्ची बोरं? बोरांना अजून वेळ होता. तिची एक मैत्रीण जवळच्या गोंडी पाड्यावरची आहे, तिच्याकडे लाल मुंग्यांची आंबट चटणी होते. ती खाल्ली काय? "एकदा खाल्ली, मस्त होती," असं उत्तर आलं, पण ते गेल्या उन्हाळ्यातलं. मग उरलं एकच ठिकाण. शाळेसमोरचं दुकान.

ते दुकान ज्यांचं आहे त्यांना सगळं गाव चाचा म्हणतं, म्हणून मीही चाचाच म्हणते. साठीच्या पुढचे, पांढऱ्या दाढीचे, मूळचे तालुक्याच्या गावचे व्यापारी घराण्यातले. लग्नानंतर इकडे आले आणि इथलेच झाले. वह्या, पेन्सिली, साबण, फुटाणे, आणि समोर दोरीला लटकणाऱ्या रंगीत पुड्या. त्या पुड्यांमुळे माझं आणि त्यांचं वर्षानुवर्षांचं शीतयुद्ध होतं. ते मला बघून पुड्या झाकायचे नाहीत आणि मी त्यांच्याकडून खडूसुद्धा घ्यायची नाही.

त्या दिवशी मधल्या सुट्टीत मी सरळ दुकानापुढे गेले. आजूबाजूला मुलं होती, दोन-तीन बाया होत्या. मी आवाज चढवला. "चाचा, माह्या पोरीले काय विकून राह्यले तुम्ही? तिचे दात गेले ना तुमच्या पावडरीनं!"

चाचा तराजू पुसत होते. ते म्हणाले, "बाई, मी पावडर विकतो, झूठ नाई बोलत. पण तुमची पोट्टी माह्याकडून पावडर कधी नेत नाई."

"मंग काऊन येते ती इथी रोज? मले पोरं सांगतात."

चाचांनी माझ्याकडे पाहिलं, मग दाराशी उभ्या असलेल्या माझ्या लेकीकडे पाहिलं, आणि गप्प बसले. मला वाटलं, सापडला चोर. मग मी जे बोलले ते सगळं इथे लिहीत नाही, मला लाज वाटते. एवढंच सांगते की या दुकानातून काही घ्यायचं नाही असं मी भर रस्त्यात मुलांना बजावलं. चाचा फक्त "ठीक है बाई" म्हणाले आणि दोरीवरच्या पुड्या काढून आत ठेवायला लागले.

मी लढाई जिंकून परत आले. लेक दिवसभर माझ्याशी बोलली नाही, पण ते मी मनावर घेतलं नाही. चोरी पकडली गेली की मुलं रुसतातच. उलट मी नियम आणखी घट्ट केले. बाटली मोठी आणली आणि राखुंडी दोन वेळा सुरू केली.

दिवाळी झाली तरी दात आंबलेलेच. एका रविवारी सकाळी बाप-लेक अंगणात ऊन खात बसले होते. बापानं तिला म्हटलं, "दाखव माही करवत." तिनं तोंड उघडलं. ते हसता हसता थांबले, तिची हनुवटी धरून उन्हाकडे केली आणि मला हाक मारली. मी गेले. करवत नव्हती. कडा गुळगुळीत झाल्या होत्या आणि इतक्या पातळ, की काचेसारखं पलीकडचं दिसत होतं. एका दाताचा कोपरा बारीकसा उडालाही होता.

"मोजलं नाई आपण," तिचे वडील म्हणाले. "पण हे कमी झालं हाय." लाकडं मोजणाऱ्या माणसाचा अंदाज सहसा चुकत नाही.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी तिला चंद्रपूरला घेऊन गेले. दातांची डॉक्टर तरुण मुलगी होती, माझ्या जुन्या विद्यार्थिनींच्या वयाची, आणि मला ते आवडलं नाही. तिनं लेकीला खुर्चीत बसवून खुर्ची वर-खाली करून दाखवली, दोघी हसल्या. मग ती आरसा घालून बराच वेळ बघत राहिली. दाढांवरही तिनं बोट ठेवून मला दाखवलं. दुधाच्या दाढांच्या टोकांवर बारीक खळगे पडले होते.

"ही कीड नाही," ती म्हणाली. "दात झिजले आहेत. वरचं टणक कवच विरघळत चाललंय. हे पुढचे दोन पक्के दात आहेत, बाई. आता जे गेलं ते परत येत नाही, आणि हे दात तिला म्हातारी होईपर्यंत पुरवायचे आहेत. पण आत्ता थांबवलं तर उरलेले टिकतील. थांबवायला आधी कारण सापडलं पाहिजे. दिवसभरात काय काय खाते-पिते ते सांगा."

मला हाच प्रश्न हवा होता. मी सरसावून बसले. पाकिटं आमच्याकडे नाहीत, बाटलीतली थंड पेयं नाहीत, बिस्किटंसुद्धा नाहीत, पण शाळेसमोर एक दुकान आहे, तिथून ही चोरून आंबट पावडर खाते, असं मी तिला सविस्तर सांगितलं. डॉक्टरनं लेकीकडे पाहिलं. लेकीनं मान हलवली. नाही.

"बरं, पाणी काय पितेस शाळेत?"

लेकीनं दप्तरातून बाटली काढली. लाल बाटली. डॉक्टरनं ती उघडली, वास घेतला, आणि झाकणात थोडं ओतून चाटून बघितलं. तिचा एक डोळा आपोआप मिटला.

"अंबाडी?"

"घरची," मी म्हटलं. "नैसर्गिक. साखरही बेताचीच."

"छान झालंय हो. आमची आजीपण करायची. कशी पितेस गं, दाखव बरं?"

माझ्या गुणी लेकीनं एक छोटा घोट घेतला, गाल फुगवले, घोट या गालातून त्या गालात फिरवला, पुन्हा फिरवला, आणि सावकाश गिळला. अगदी मी शिकवलं होतं तसं. डॉक्टर बघतच राहिली.

"आणि असं कितीदा?"

"दिवसभर," लेक म्हणाली. "घोट घोट."

"मग दात कधी घासतेस?"

"घरी आल्याबरोबर. आई घासून देते. राखेनं. करकर वाजेपर्यंत."

"हे असं प्यायला कोणी शिकवलं?"

लेकीनं बोट माझ्याकडे केलं.

मी गप्प बसणाऱ्यातली नव्हते. मी म्हटलं, डॉक्टर, अंबाडी आमच्या पिढ्यान् पिढ्या खातात, तिच्यात काय वाईट आहे? चिंचेची पावडर, रासायनिक रंग, त्यानं दात जातात, झाडाच्या बोंडानं कसे जातील?

डॉक्टर हसली नाही, हे तिचे उपकार. तिनं विचारलं, "बाई, तुमच्या घरी पाणी भरायचा तांब्याचा गुंड आहे?"

"आहे ना. आईचा आहे."

"काळा पडला की कशानं घासता?"

"चिंच लावते. थोडा वेळ ठेवते. मग राखेनं..."

वाक्य मी पूर्ण केलं नाही. माझ्या डोळ्यांपुढे तो गुंड आला, चिंच चोळून ठेवलेला, मग राखेनं घासून लखलखीत झालेला. दर वेळी थोडं तांबं माझ्या हातावर उतरतं, लालसर पाणी मोरीत जातं. माझ्या आईच्या वेळचा तो जाड गुंड आता काठाशी किती पातळ झालाय तेही आठवलं. आणि मी दीड वर्ष रोज माझ्या लेकीचे नवेकोरे दात आंबटात भिजवत होते आणि वरून राख लावून घासत होते.

डॉक्टर हळू आवाजात सांगत होती. अंबाडी वाईट नाही. चिंच, कैरी, लिंबू, काहीच वाईट नाही. जेवणाबरोबर प्यावं, एकदा प्यावं, पटकन गिळावं, वरून साधं पाणी पिऊन चूळ भरावी. आंबटानं दात थोडा वेळ मऊ पडतो, तोंडातली लाळ त्याला पुन्हा सावरते. पण दर दहा मिनिटांनी घोट घेतला तर सावरायला वेळच मिळत नाही. आणि मऊ दातावर लगेच घासलं तर ते कवच निघून जातं, मग राख असो की ब्रश. "दुकानातली आंबट पुडी आणि थंड पेयंही हेच करतात, त्याबाबत तुमचं बरोबरच आहे," ती म्हणाली. "पण दाताला घरचं-दुकानचं कळत नाही."

तिनं दातांना काहीतरी लावलं, उडालेला कोपरा नीट केला, मऊ ब्रश आणि कोणती पेस्ट वापरायची ते लिहून दिलं. लेकीला विचारलं, "काही विचारायचंय?" लेकीनं विचारलं, "करवत परत येईल का?" डॉक्टर म्हणाली, "नाही गं. पण ती तशीही हळूहळू सगळ्यांचीच जाते. तुझी जरा लवकर गेली." मी खिडकीबाहेर बघत बसले. मला रडू येत होतं आणि त्या तरुण डॉक्टरसमोर मला रडायचं नव्हतं.

परतीच्या बसमध्ये खिडकीची जागा मिळाली. मूल गावाचा फाटा गेल्यावर मी बाटली दप्तरातून काढून बाहेर रिकामी केली. लेक ते लाल पाणी उडताना बघत होती. तिच्या चेहऱ्यावर असा आनंद मी बरेच दिवसांत पाहिला नव्हता.

"तुले आवडत नव्हतं काय ते?" मी विचारलं.

"बिलकुल नाई."

"मंग पीत काऊन होतीस?"

"बाटली रिकामी पाह्यजे ना तुले."

"अव पण सांगाचं नाई काय मले, की आवडत नाई?"

ती थोडा वेळ पुढच्या सीटचा फाटलेला रेक्झिन बोटानं उकरत बसली. मग म्हणाली, "तू इचारलंच नाई. तू रोज एवढंच इचारते, बाटली रिकामी हाय का नाई."

मी रिकाम्या बाटलीचं झाकण लावलं. पण तिचं अजून संपलं नव्हतं.

"मी चाचाकडे फुटाणे खाले जात होती. दात आंबले का फुटाणे चावले तर बरं वाटते. तो असाच देते मूठभर. त्यानं सांगतलं होतं, पोरी, हे तुह्या आईच्या बाटलीनं होऊन राह्यलं, आईले सांग."

"मंग?"

"मी म्हटलं, तुम्हीच सांगा. तो म्हणे, मले भेव लागते तुह्या आईचं. मी म्हटलं, मलेपण."

हे सांगताना ती हसत होती. दोघांचं गुपित होतं ना ते. पुढे तिनं सांगितलं की मी दुकानापुढे ओरडले त्या दिवशी चाचांनी तिला डोळ्यांनी खूण केली, बोलू नको म्हणून. आईचा मार बसेल असं त्यांना वाटलं असणार. मी तिला कधी मारलेलं नाही, पण त्या दिवसाचा माझा अवतार बघून कोणालाही तसंच वाटलं असतं.

घरी तिच्या वडिलांना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि राखुंडीचा डबा उचलून मोरीत नेला. "भांड्याले कामी येईन," म्हणाले. नंतर मी डोळे पुसत बसले तेव्हा जवळ बसून म्हणाले, "तू एकटी नाई व. दात रोज मीपण पाहत होतो." यापलीकडे ते काही बोलत नाहीत, आणि मला तेवढं पुरलं.

दुसऱ्या दिवशी प्रार्थना झाली. मुलांनी सवयीनं जिभा बाहेर काढल्या. मी म्हटलं, आत घाला. मग मी त्यांना तांब्याच्या गुंडाची गोष्ट सांगितली, चिंच आणि राखेची. अंबाडीबद्दल बाईंचं चुकलं, शाळेत फक्त साधं पाणी आणायचं, अंबाडी घरी जेवताना प्यायची आणि वरून चूळ भरायची, आंबट खाऊन लगेच दात घासायचे नाहीत. आणि चाचांच्या दुकानाबद्दल बोलले तेही चुकलं. हे वाक्य बोलताना माझा आवाज जरा खाली गेला. मागून एक जण ओरडला, "बाई, ऐकू नाई आलं!" मी पुन्हा मोठ्यानं म्हटलं.

तेवढ्यानं भागणार नव्हतं. मी भर रस्त्यात ओरडले होते, तर माफीही रस्त्यातच मागायला हवी होती. मधल्या सुट्टीत मी लेकीला घेऊन दुकानात गेले. तीच मुलं, जवळपास त्याच बाया. चाचांनी मला येताना पाहिलं आणि दोरीवर उरलेली एकुलती एक पुडी झटकन काढून पाठीमागे लपवली.

"राहू द्या चाचा," मी म्हटलं. "माह्या पोरीचे दात तुमच्यानं नाई गेले. माह्या बाटलीनं गेले. मी सगळ्यांसमोर वाटेल ते बोलली. मले माफ करा."

चाचा गडबडून गेले. "अरे बाई, काय हे," म्हणत उठून उभे राहिले. मग लेकीला विचारलं, "क्या बोली डॉक्टर? ठीक होईन ना?" लेकीनं ओठ वर करून दात दाखवले. चाचांनी चष्मा कपाळावरून खाली ओढून अगदी निरखून बघितले, आणि मग त्यांना धीर आला. त्यांनी पाठीमागची पुडी पुढे आणली. "मंग बाई, ही आता लटकवाले हरकत नाई ना?"

"हरकत हाय!" मी म्हटलं. आवाज नेहमीसारखाच निघाला. "तेही आंबटच हाय. डॉक्टरनं सांगतलं, दाताले घरचं-दुकानचं समजत नाई."

दुकानापुढे सगळे हसायला लागले, चाचाही. "बाई बदलली नाई," ते म्हणाले. त्या दिवसापासून पुढच्या दोरीला फुटाण्यांच्या आणि शेंगदाण्यांच्या पुड्या लटकतात. आंबट पावडर पूर्ण गेली असं मी म्हणणार नाही, ती आतल्या फळीवर असते आणि आम्हा दोघांनाही ते ठाऊक आहे. खडू मात्र मी आता त्यांच्याकडूनच घेते.

घरात शिस्त बसायला मला जास्त वेळ लागला. शाळेतून घरी आलो की माझा हात आपोआप बाटलीकडे जायचा. पहिल्या दिवशी साध्या पाण्याची बाटली अर्धी भरलेली परत आली. ती दारात उभी राहून माझ्या तोंडाकडे बघत होती. मी जीभ दातांखाली धरली आणि विचारलं, "आज काय काय झालं शाळेत?" मीच तिची बाई, मला सगळं माहीत होतं, तरी विचारलं. तिनं अर्धा तास सांगितलं. त्यातलं निम्मं मला माहीत नव्हतं.

त्याला आता वर्ष होऊन गेलं. मधे दोनदा डॉक्टरकडे जाऊन आलो. झीज थांबली आहे. गेलं ते गेलंच आहे, दात शेजारच्या दातांपेक्षा किंचित आखूड दिसतात, आणि ते बघितलं की मला अजूनही वाईट वाटतं. वाफ्यात अंबाडी अजून आहे. तिची भाजी होते, जेवणात शरबत होतं, आणि वरून चूळ भरल्याशिवाय आमच्या घरी कोणी पाटावरून उठत नाही. नियम करण्याची माझी खोड काही गेलेली नाही.

परवा अंगणात मी तांदूळ निवडत होते. लेकीनं झाडाचा एक पेरू तोडला, फ्रॉकला पुसला आणि मान सरळ ठेवून समोरच्या दोन दातांनी त्याचा मोठा लचका तोडला. माझे हात सुपातच थांबले. तिनं चावला, तोंड वाकडं केलं आणि उरलेला पेरू माझ्यापुढे धरला.

"आई, आंबट हाय. मले नाई आवडला. मी नाई खात."

मी म्हटलं, "बरं." तिच्या हातातून पेरू घेतला आणि खाल्ला. खरंच आंबट होता.